संत्र्यावरचा स्टे

मी वकिली शिकवते, वकिली करत नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या गावात हा फरक कोणालाच कळत नाही, आणि मीही तो कधी कळू दिला नाही. नरखेड तालुक्यातल्या त्या गावात मी 'वकीलबाई' आहे, आणि खरं सांगू का, ते ऐकायला मला फार गोड वाटायचं.

नागपूरच्या एका लॉ कॉलेजात मी आंतरराष्ट्रीय व्यापाराचा कायदा शिकवते. म्हणजे काय, तर एका देशाने दुसऱ्याच्या मालावर नियमाबाहेर कर लावला, की दुसरा जिनिव्हाला, जागतिक व्यापाराच्या कचेरीत, जाऊन तक्रार करतो. तिथे तीन जणांचं मंडळ बसतं, दोन्हीकडचे वकील भांडतात, निकाल लागतो. शाळेत भांडलेली पोरं बाईंकडे जातात ना, तसंच. फक्त या बाईंच्या हातात छडी नाही. हे शेवटचं वाक्य मी वर्गात दरवर्षी म्हणते आणि पोट्टे दरवर्षी हसतात. भावाला समजावून सांगताना मात्र मी नेमकं तेवढंच गाळलं.

थोरला भाऊ वडिलांची संत्र्याची बाग सांभाळतो. मी शिकायला नागपूरला आले ती इथलीच झाले, तो तिथेच राहिला. माझ्या शिक्षणाचा अभिमान माझ्यापेक्षा त्यालाच जास्त. एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाला तो काटोल यायच्या आत माझं कॉलेज, माझा विषय, सगळं सांगून मोकळा होतो.

गेल्याच्या गेल्या राखीला तो प्रताप नगरात आमच्या घरी आला तेव्हा पिशवीत हिरवी कच्ची संत्री होती. खायला नाही, दाखवायला. आंबिया बहार, म्हणजे दसरा-दिवाळीला तोडायचं फळ, यंदा कसा धरलाय ते बहिणीने बघावं म्हणून. फळ खरंच सुरेख होतं. पण फळ धरून काय उपयोग, गिऱ्हाईक कुठे होतं? आमच्याकडचं मधल्या आकाराचं संत्रं वर्षानुवर्षं बांगलादेशात जायचं. तिकडच्या लोकांना ते आवडतं. मग तिकडच्या सरकारने ड्युटी वाढवली, पुन्हा वाढवली, आणि ट्रक कमी कमी होत गेले. माल इथेच साचला की भाव पडतो, हे सांगायला काही प्रोफेसर लागत नाही.

राखी बांधून झाली, पोहे झाले, आणि भावाने विषय काढला.

"काय वं बाई, तू तं देशादेशाचे भांडणं शिकवते ना? मंग आमच्या संत्र्याचं काही होते का नाही?"

"होते ना!" मी म्हटलं. "केस टाकता येते."

"कोण टाकते?"

"सरकार."

"आपलं? मंग टाकत काहून नाही?"

झालं. उचलली जीभ लावली टाळ्याला. तासभर बोलत होते मी. आपल्यासारख्या देशांनी श्रीमंत देशांना तिथे खेचून कसं हरवलं ते सांगितलं. एका चिमुकल्या बेटाच्या देशाने महासत्तेविरुद्ध खटला जिंकला, हे तर हातवारे करून सांगितलं. जिंकून वर्षं लोटली तरी त्या बेटाच्या पदरात फारसं काही पडलं नाही, हे नाही सांगितलं. वरचं अपील ऐकणारी माणसंच नेमलेली नाहीत, हरलेला देश अपील करून खुशाल बसून राहू शकतो, हेही नाही सांगितलं. भाऊ चहा विसरून माझ्या तोंडाकडे बघत होता. असं कोणी बघायला लागलं की मला आवरत नाही, हा माझा जुना रोग आहे.

जाताना चपला घालता घालता तो म्हणाला, "म्हणजे रस्ता आहे तं."

"आहे ना," मी म्हटलं.

आता गावात कोर्ट म्हणजे काय, हे मला माहीत नव्हतं अशातला भाग नाही. मी लहान असताना आमच्या धुऱ्याचा तंटा झाला होता. शेजारचा दर पेरणीला आमच्या बांधात थोडा थोडा आत सरकायचा. वडील तालुक्याच्या कोर्टात गेले, वकिलाने सगळ्यात आधी स्टे आणला, आणि शेजाऱ्याचा नांगर धुऱ्याशी थांबला. खटला मात्र दोन्ही म्हातारे जाईपर्यंत चालला. त्यामुळे आमच्या गावाच्या डोक्यात कोर्टाचा अर्थ पक्का बसलाय. निकाल नातवंडांना लागतो, स्टे आपल्याला मिळतो. ज्याच्या हातात स्टे, तो जिंकला.

जिनिव्हाला स्टे नसतो. तिथे खटला चालू असेपर्यंत कर तसाच चालू राहतो. आणि समजा जिंकलात, तरी फक्त 'यापुढे असं करू नका' एवढंच सांगतात. मागचं जे गेलं ते गेलंच. पहिल्या वर्षाच्या पोरालाही ठाऊक असतं हे. माझ्या सख्ख्या भावाला नव्हतं.

त्यानंतर कॉलेजातला सराव खटला आला. दरवर्षी आम्ही दोन काल्पनिक देश घेतो, पोरं काळे कोट घालून दोन्हीकडून भांडतात, आणि आम्ही प्राध्यापक मंडळ होऊन बसतो. त्या वर्षी विषय मी तयार केला आणि हौसेने त्यात संत्री घातली. पण एक गोष्ट मनाने केली. प्रत्येक देशाने 'यापेक्षा जास्त कर लावणार नाही' अशी मर्यादा आधीच लिहून दिलेली असते. गरीब देशांनी ती खूप वर ठेवलेली आहे, आणि तो त्यांचा हक्क आहे. बांगलादेशची खरी मर्यादा घेतली असती तर खटला उभाच राहिला नसता. म्हणून माझ्या काल्पनिक देशाची मर्यादा मी खाली आणली. अभ्यासाच्या दृष्टीने त्यात काही वावगं नव्हतं. मी फक्त भावाला बोलावून पहिल्या रांगेत बसवायला नको होतं.

तो इस्त्रीचा पांढरा शर्ट, खांद्यावर दुपट्टा अशा थाटात आला. पोट्ट्यांसाठी पेढे घेऊन आला. संत्र्याच्या बाजूने बोलणारी मुलगी तर काय बोलली, बाप्पा! समोरच्या बाजूच्या मुलीनेही छान मांडलं. आमच्याकडेही लहान शेतकरी आता फळबागा लावतायत, त्यांना जगू द्यायचं की नाही, असं तिने विचारलं तेव्हा भाऊ मान डोलवत होता. शेवटी मंडळाचा निकाल मी वाचला. अध्यक्ष मीच होते. काळा कोट, समोर माइक, मागे कॉलेजचा बॅनर. 'ही वाढीव ड्युटी नियमाबाहेर आहे, ती मागे घेण्यात यावी.' टाळ्या पडल्या. भावाने मोबाइल वर धरलेला मला दिसला होता.

संध्याकाळी तो व्हिडिओ गावच्या ग्रुपवर आला. वर भावाने लिहिलं होतं, 'आपल्या संत्र्याची केस, माझी बहीण निकाल देताना.' खाली अंगठ्यांची रांग. 'अभिनंदन बाई.' 'नाव काढलं गावाचं.' 'आता बघा म्हणा बांगलादेशले!'

भावाला माहीत होतं की ती पोरांची तयारी होती. गावाला माहीत नव्हतं. आणि मला दोन्ही माहीत होतं. एक ओळ टाकली असती तर भागलं असतं. 'हा सराव आहे, खरा खटला नाही.' लिहायला घेतलीही होती. मग वाटलं, भावाचा पचका होईल. हे मी स्वतःलाच सांगितलेलं कारण आहे. खरं कारण असं की ते अंगठे मला आवडत होते. मी प्रत्येकाला हात जोडलेलं चित्र पाठवत बसले.

दसरा झाला की आमच्याकडे व्यापारी बागा बघत फिरतात. झाडाखालून चालत जातात, नजरेनेच फळ तोलतात, आणि अख्ख्या बागेचा सौदा उभ्या उभ्या होतो. तोडणी त्यांची, गाडी त्यांची. त्या वर्षी भाव पडलेलाच होता, पण मागत तरी होते. भावाने पहिल्या व्यापाऱ्याला परत पाठवलं. दुसऱ्यालाही. 'थांबा जरा, स्टे येऊन राहिला' म्हणून. पोरांची तयारी झाली म्हणजे आता खरी केस लागणार आणि आधी स्टे येणार, असं त्याने धरलं होतं. त्याचं बघून शेजारच्या दोघातिघांनीही बागा दिल्या नाहीत. वकीलबाईचा भाऊ थांबलाय म्हटल्यावर काहीतरी असेलच ना.

मला यातलं काही माहीत नव्हतं. दिवाळी होऊन गेल्यावर एक दिवस मी कॉलेजात डबा खात होते तेव्हा वहिनीचा फोन आला.

"बाई, ते स्टे कधी भेटते जी?"

"कसला स्टे?"

"अवं माय! तुम्हीच दिला ना तो, मोबाइलवर. हे म्हणतात, आता कागद यायचा तेवढा बाकी आहे. पण फळ गळून राहिलं जी. रोज सकाळी झाडाखाली सडा पडते. व्यापारी आता फोन उचलत नाहीत."

मी काहीतरी बोलले, रविवारी येते म्हटलं, फोन ठेवला. डबा तसाच बंद केला. पुढच्या तासाला जाऊन शिकवलंही. काय शिकवलं ते देव जाणे.

रविवारी गाडी घेऊन निघाले. काटोलच्या पुढे दोन्हीकडे बागा लागतात, झाडांवर पिवळं फळ तसंच लटकलेलं. वाटभर मी एकच वाक्य घोकत होते. 'चूक माझी आहे. तो खटला खोटा होता, आणि स्टे नसतो हे मी सांगायला हवं होतं.' एवढं बोलायचं आणि मग लोक काय म्हणतील ते ऐकून घ्यायचं, असं ठरवून गेले होते.

भावाच्या ओट्यावर माणसं आधीच जमली होती. ज्यांनी बागा दिल्या नव्हत्या ते तर होतेच, बाकीचेही होते. वहिनीने मला खुर्ची दिली, बाकी सगळे खाली सतरंजीवर. चहा आला. आणि मी बोलायला लागले ती कायद्यापासूनच. सवयच ती. आडोसा घ्यायचा झाला की मी कायद्याच्या मागे जाऊन उभी राहते. सांगितलं, की ही केस शेतकरी टाकू शकत नाही, फक्त सरकार टाकू शकतं. सरकारला शेजाऱ्याशी संबंध बघावे लागतात, आणि शेजारी आपल्याहून लहान. आपणही परदेशी सफरचंदावर ड्युटी लावतोच, त्यामुळे बोट दाखवताना दहादा विचार करावा लागतो. त्यांनी लिहून दिलेली मर्यादा खूप वर आहे, म्हणजे केस मुळातच लंगडी. टाकली तरी वर्षं जातील. आणि तोवर स्टे नाही.

"नाई म्हणजे?" एका म्हाताऱ्याने विचारलं. वडिलांच्या बरोबरीचा माणूस, धुऱ्याचा खटला त्याने डोळ्यांनी पाहिलेला. "अर्ज केला तरी नाई?"

"नाही काका. तिथे तशी सोयच नाही."

"आन् जिंकलो तं? मागचं नुकसान?"

"तेही नाही."

"मंग हे तं बैल गेला अन् झोपा केला, असं झालं." सगळे हसले. "असं कसं वं बाई तुमचं कोर्ट? गरिबाचा बैल जाईपर्यंत वाटच पाह्यते?"

मीही हसले. मेलं मला हसू आलं, काय करू. मग शेजारच्या बागेवाल्याने, ज्याने भावाच्या मागे आपला सौदा सोडला होता त्याने, सरळ माझ्याकडे बघून विचारलं, "मंग त्या दिवशी मोबाइलवर काय दिलं होतं बाई तुम्ही?"

माझं वाक्य तयार होतं. अगदी जिभेवर होतं. मी कप खाली ठेवायला वाकले, तेवढ्यात भाऊ बोलला.

"अबे, ते पोट्ट्यायची तयारी होती. बाईनं मले तवाच सांगतलं होतं सारं. स्टे नसते म्हणून बी सांगतलं होतं. मीच भैताड, तुमाले नाई सांगतलं. मले वाटलं, काही ना काही येतेच."

"अन् आम्ही तुह्या भरोशावर बसलो न गा!"

"हाव. चुकलंच माह्यं."

मी त्याच्याकडे बघितलं. तो माझ्याकडे बघत नव्हता. कप माझ्या हातातच राहिला होता, आणि मी तो खाली ठेवण्याऐवजी तोंडाला लावला. चहात साखर फार होती. सगळा प्यायले. तेवढ्या वेळात तो शेजारी उठला, चप्पल शोधत भावाला काहीबाही बोलला, आणि बाकीचेही एकेक करून उठले. जाताना त्यातल्या दोघांनी मला नमस्कार केला.

नंतर भाऊ मला बागेत घेऊन गेला. झाडांखाली फळं पडून सडली होती, माश्या घोंघावत होत्या. ओट्यावर न फुटलेलं तोंड तिथे फुटलं माझं, तेही त्याच्यावरच.

"काहून म्हटलं गा तसं? खोटं काहून बोलला? मी सांगायलाच आली होती!"

"कल्ला नको करू," तो म्हणाला. "तुले अजून पोट्ट्यायले शिकवायचं आहे. वकीलबाई खोटी निघाली असं गावानं म्हटलं तं नागपूरपर्यंत जाते ते. माह्यं काय? मले तं झाडालेच तोंड दाखवायचं आहे."

"मी जाते परत. सगळ्यांना बोलावते आणि सांगते."

"आता काय सांगतं? झालं ते झालं."

त्याने एक संत्रं तोडून माझ्या हातात दिलं. झाडावर फार राहिलेलं फळ होतं ते; हात लावताच साल सुटली आणि आत फोडी कोरड्या होत्या. तरी मी खाल्लं. परत जाऊन सगळ्यांना बोलवायला वेळ होता. ओट्यावरून उठलेली माणसं अजून पारावरच बसली असणार, हेही मला ठाऊक होतं. पण मी घड्याळ बघितलं, अंधाराच्या आत नागपूर गाठायला हवं म्हटलं, आणि गाडीत जाऊन बसले. भावाने मागच्या सीटवर भाजी ठेवली, सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी ठेवली. गाडी पाराजवळून गेली तेव्हा मी काच वर केलेली होती.

लाज वाटते मला. नुसती वाटते एवढंच, हे आणखी वाईट.

त्या वर्षीचं फळ शेवटी ज्यूसवाल्यांकडे गेलं, मिळेल त्या भावाला. उन्हाळ्यात भावाने रस्त्याकडची अर्धी बाग काढून टाकली. वडिलांनी लावलेली झाडं होती ती. तिथे आता कपाशी आहे. काढायचीच होती, झाडांना डिंक्या रोग लागला होता, असं तो म्हणतो. असेलही. मी विचारत नाही.

वर्गात तो धडा आला की हल्ली माझी गाडी अडते. मागे एका पोरीने विचारलं, "मॅडम, पण मग निकाल लागेपर्यंत त्या शेतकऱ्यांनी करायचं काय?" मी म्हटलं, चांगला प्रश्न आहे. चांगला प्रश्न आहे म्हणजे उत्तर नाही, हे पोरांना कळतं.

गेल्या भाऊबीजेला मी माहेरी गेले. गाडी दुरुस्तीला होती म्हणून एसटीने गेले. भाऊ मोटरसायकल घेऊन स्टँडवर उभा होता. तिथल्या पानठेल्यावरून कोणीतरी ओरडलं, "काय गा स्टे, पाहुणे आले वाटते?"

"हाव, बहीण आली," भाऊ म्हणाला आणि किक मारली.

मला वाटलं माझ्याच ऐकण्यात काही चुकलं. घरी वहिनीला विचारलं. ती कणीक मळत होती.

"अख्खं गाव म्हणते जी," ती म्हणाली. "लहान लेकरं बी स्टेकाका म्हणतात. पहिले राग ये यांना. आता नाई येत."

आमच्या गावात एकदा नाव पडलं की ते निघत नाही. एका घराला अजून तारवाले म्हणतात, कारण त्यांच्या आजोबांना कधीतरी तार आली होती आणि ती वाचायला कोणी मिळालं नव्हतं. तार बंद झाली, आजोबा गेले, नातवाच्या लग्नपत्रिकेवर आडनाव छापलेलं असलं तरी बोलवायला जाणारा तारवाल्यांकडेच जातो. म्हणजे भावाच्या पोरांनाही हे पुरणार. मी वहिनीसमोर पाटावर बसून राहिले. तिने कणकेचा गोळा झाकून ठेवला. तिला सगळं माहीत आहे, भावाने सांगितलं नसलं तरी. त्या दिवशी ओट्यावर मला चहा तिनेच दिला होता, आणि बोलायच्या ऐवजी तो पिताना मला बघितलंही होतं.

संध्याकाळी ओवाळायला बसलो. भाऊ पाटावर, डोक्याला टोपी, मांडीवर हात. मी त्याला कुंकू लावलं, अक्षता लावल्या. ठरवलं होतं, ताट खाली ठेवलं की म्हणायचं, भाऊ, चल, आत्ताच पारावर जाऊ, तुझ्यासमोर सांगते सगळ्यांना. दिवा फिरवत असतानाच गल्लीतून हाक आली.

"ओ स्टेभाऊ! लाइन आली, मोटर चालू करा!"

भाऊ हसला, माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि कपाळावरचं कुंकू तसंच घेऊन उठला. "आलो गा!" दारातूनच ओरडला आणि चप्पल पायात सरकवून शेताकडे गेला. मी ताट धरून उभी होते. नाव माझं होतं. ओ त्याने दिली.